कागदी हात

“बाबा, ह्यांचा हात धरता येईना,” ऋतुजा म्हणाली आणि नवा कागदी बाहुला तिनं मोबाइलसमोर नाचवला.

जिंतूरच्या घरात लॅपटॉपपुढं बसलेल्या राजेश्वरनं उगीचच चष्मा पुसला. ही तक्रार येणार हे त्याला ठाऊक होतं. पोर त्याचीच, तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

आठवडाभर तो एका कंपनीसाठी वेबसाइटवरची चित्रं हलती करायचा, त्यांचा कोड लिहायचा. रविवार मात्र लेकीचा. ती वालूरला आईजवळ राहायची. तो इथून खेळण्याचा आराखडा पाठवायचा, ती तिथल्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट घ्यायची आणि मग तिथंच बसून व्हिडिओ कॉलवर दोघं मिळून कापायची, दुमडायची, चिकटवायची. कागदाचे बाबा झाले, मम्मी झाली, आजी झाली, खुद्द ऋतुजाही झाली. प्रत्येकाच्या एका तळव्याला खाच, दुसऱ्याला पुढं आलेली पट्टी. पट्टी खाचेत अडकवली की सगळे हातात हात घालून उभे राहायचे. कागदाचं माणूस एकटं टिकत नाही, पंखा लावला की आडवं होतं.

हा नवा बाहुला तिनंच मागितला होता. वैभवकाकांचा. वैभव म्हणजे तो झेरॉक्सवाला. येत्या आठवड्यात मठात, चार माणसांत त्याचं लग्न होतं. त्रिवेणीशी. त्रिवेणी म्हणजे ऋतुजाची आई, आणि कालपरवापर्यंत राजेश्वरची बायको.

आणि गंमत बघा, ते दुकान राजेश्वरनंच शोधून दिलं होतं. साध्या कागदाची खेळणी लुळी पडतात, कागद जाडच पाहिजे, हा त्याचा हट्ट. गावात तसा कागद एकट्या वैभवकडं. राजेश्वरनं स्वतः फोन करून विनवलं होतं, “दर रविवारी लेक येत जाईल, तिच्या आईला घेऊन. तेवढं प्रिंट काढून द्या.” दोघी आल्या. दर रविवारी आल्या. दुसऱ्या कुणी ही सोयरीक जुळवली असती तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

बाहुला त्यानं मन लावून केला होता. खिशातला पेनसुद्धा सोडला नाही. फक्त हात तेवढे अंगाला चिकटलेले काढले, शाळेत सावधान उभं राहतात तसे.

“ते तसंच असतंय, बेटा. एकट्याला उभं कर त्याला.”

“केलं की. सारखं पडायलेत. बघा.”

दुकानातल्या पंख्याच्या वाऱ्यानं बाहुला पुन्हा तोंडावर पडला.

बसम्मा, राजेश्वरची आई, तूर निवडता निवडता सूप घेऊन दारात आली होती. “पडू दे,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “न्हाई म्हण तिला. तू काऊन त्याला हात द्यायलास?”

राजेश्वरच्याही मनात तेच होतं. रेंज गेली म्हणावं आणि लॅपटॉप मिटून टाकावा, असं त्याला फार वाटलं.

“बाबा, आता शाळंत सोडायला हेच येणार हायत,” ऋतुजा म्हणाली. “रस्ता लय मोठा हाय तिकडं. मोठ्या माणसाचा हात धरल्याबिगर रस्ता ओलांडायचा न्हाई, तुमीच सांगितलं ना? मग ह्यांचा कसा धरू?”

राजेश्वरनं लॅपटॉप जवळ ओढला.

“थांब,” तो म्हणाला. “पाठवतो.”

ऋतुजाच्या बाहुलीचा हात छोटा. त्याच्या मापाची खाच फक्त बाबांच्या तळव्यात कापलेली होती. त्यानं आपल्या बाहुल्याची फाइल उघडली, त्यातला तळवा उचलला आणि वैभवच्या मनगटाला लावला. नीट बसला. इतका सहज बसला की राजेश्वरला रडूच फुटलं. त्यानं कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला, डोळे पुसले आणि फाइल पाठवून दिली.

तिकडं मशीन घरघरलं. पडद्यावर एक पुरुषी हात आला आणि त्यानं ऋतुजापुढं कागद ठेवला. “राजेश्वरभाऊ, जाड कागदावरच काढलंय,” वैभवचा आवाज आला. त्यानं तोंड काही दाखवलं नाही.

“बरं केलं,” राजेश्वर म्हणाला.

ऋतुजानं हात कापला, दुमडला, डिंक लावून फुंकर मारली. मग ओळीकडं बघून ती अडली. तिच्या बाहुलीची पट्टी बाबांच्या हातात होती.

“मग तुमी कुठं उभं राहणार?”

“मला आजीच्या बाजूला लाव.”

दारातली बसम्मा सूप घेऊन आत निघून गेली.

ऋतुजानं बाबांना सोडवून पलीकडं लावलं आणि वैभवकाकांच्या खाचेत आपली पट्टी सरकवली. पंखा चालूच होता. बाहुला हलला, पण पडला नाही. तिनं टाळी वाजवली. मग एकदम वाकून जवळून बघितलं.

“बाबा, काका गोरे हायत. हात तर तुमच्यावाणी सावळा आलाय.”

रंग बदलणं राजेश्वरसाठी एका टिचकीचं काम होतं. त्याचं बोट तिथवर गेलंही.

“राहू दे,” तो म्हणाला. “धरल्यावर दिसत न्हाई.”