दुसऱ्या सिलेंडरचा आवाज

“काका, हे काय वाजून राह्यलं?” सरपंच धर्मराजनं इंजिनाकडं बोट दाखवलं. “एवढा खर्चा करून नवं केलं, आन् पहिल्याच दिवशी खोकलायला लागलं!”

देवानंदनं शांतपणे मान हलवली. बोट काठाला बांधलेली होती, इंजिन सुरू होतं आणि त्याची नजर धर्मराजच्या ओठांवर होती.

धरणाच्या फुगवट्यात वस्तीचा रस्ता बुडाला, तेव्हापासून वस्तीवरची पोरं बोटीनंच पलीकडच्या शाळेत जात. बोटीचं दोन सिलेंडरचं डिझेल इंजिन रत्नागिरीकडून आणलेलं, समुद्रावरच्या मासेमारी बोटीतलं. उन्हाळ्यात देवानंदनं ते उतरवलं, टेम्पोत घालून जालन्याला नेलं, क्रँक घासून घेतला, पिस्टन नवे टाकले आणि सगळं स्वतःच्या हातानं जुळवलं. सोमवारी शाळा उघडणार होती. इंजिन ठीक चाललं की बोट पुन्हा देवानंदच्या ताब्यात येणार होती.

त्याला दुसरं काही नकोच होतं. पलीकडं पोचेपर्यंत पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करायची. मग तो कुणाचा तरी गोल डबा घेऊन, त्यात वाटी खालीवर करून, पिस्टन कसा चालतो ते दाखवायचा. एखाद्याला समजलं नाही तर न कंटाळता पुन्हा दाखवायचा.

अडचण एकच होती, आणि ती त्यानं बायकोशिवाय कुणाला कळू दिली नव्हती. देवानंदला ऐकू येत नव्हतं.

सगळा जन्म इंजिनांच्या धडधडीत गेला. कान हळूहळू उतरत गेले, आणि मागच्या हिवाळ्यात उरलेसुरलेही गेले. समोरच्याचे ओठ पाहून तो उत्तर द्यायचा. ओठ दिसले नाहीत तर कांताबाईकडं पाहायचा. ती बोटीत रोज सोबत असायची. “काकू, तुम्ही तर बोटीचा नांगरच झाल्या!” असं लोक चिडवायचे. ती हसायची आणि बोटांच्या खुणांनी त्याला सगळं सांगायची.

मार्चमध्ये एकदाच ती मंठ्याच्या बाजाराला गेली. त्या दिवशी लहानगी अर्पिता फळीवर एक पाय ठेवून “थांबा, थांबा” म्हणून ओरडत राहिली, आणि बोट सुटली. पोरगी पाण्यात पडली. बाकीच्यांनी ओढून काढलं म्हणून वाचली. “गिअर अडकला व्हता,” असं देवानंदनं सांगितलं. लोकांना पटलं. कांताबाई त्यावर एक अक्षरही बोलली नव्हती.

आत्ताही त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिचं बोट डब्याच्या झाकणावर पडू लागलं. टक, टक, टक. देवानंदनं रेस वाढवली. तिचं बोट जलद झालं.

त्यानं इंजिनाच्या अंगावर तळवा टेकवला. तळव्याला थरथर एकसारखी लागत होती, कुठंही ठोका नाही. हात सांगत होता, सगळं बराबर आहे. पण हाताला न लागणारंही काही असतं. आणि कांतानं सांगितलं म्हणजे आवाज आहेच.

“ऐकला मी,” तो धर्मराजला म्हणाला. “सुरू केलं तव्हाच ऐकला. म्हणलं, तुमच्या ध्यानात येतं का न्हाई ते पाहावं.”

“मंग? कशाचा हाय?”

“जरा दम धरा. डॉक्टर बी आधी नाडी पाह्यतो.”

त्यानं पहिल्या सिलेंडरच्या डिझेलनळीचा नट सैल केला. तो सिलेंडर बंद पडला, बोट हिसके देऊ लागली. कांताबाईचं बोट चालूच होतं. त्यानं तो नट आवळला आणि दुसऱ्याचा सैल केला. तिचं बोट थांबलं.

“दुसरा सिलेंडर,” देवानंद म्हणाला. “रॉडच्या बेरिंगचा ठोका हाय. बोल्ट ढिला असंल.”

“नक्की? पोरांचा मामला हाय, काका.”

“माणसांचं एखादवेळी चुकीचं ऐकलं असंल. इंजिनाचं न्हाई.”

धर्मराजनं कांताबाईकडं पाहिलं. ती पाण्याकडं पाहत होती.

देवानंदनं इंजिन बंद केलं, बाजूचं झाकण उघडलं आणि आत हात घातला. बोल्ट घट्ट होता. रॉडला हिसडा देऊन पाहिला. तसूभरही ढिलाई नव्हती. त्यानं पुन्हा चाचपून पाहिलं. आपलाच हात आपल्याला फसवतोय की काय? त्यानं पाना लावला, उगाच जोर दिल्यासारखं केलं आणि झाकण बसवलं.

“पाव आटा ढिला व्हता. जाळलं असतं त्यानं सगळं.”

इंजिन पुन्हा सुरू झालं. त्यानं हळूच कांताबाईकडं पाहिलं. तिचं बोट डब्याच्या झाकणावर निपचित पडलं होतं.

“गेला!” देवानंद तोंडभर हसला. “बिलकुल गेला. ऐका, कसं लोण्यावाणी चालून राह्यलं! सोमवारी बिनघोर पाठवा पोरं.”

धर्मराज हसला नाही. त्यानं पुढं होऊन स्वतः इंजिन बंद केलं. मग पाठमोरा होऊन काहीतरी बोलला. त्याचे ओठ दिसेनात, नुसते खांदे पडलेले दिसले. देवानंदनं सवयीनं कांताबाईकडं पाहिलं.

ती उठून अगदी त्याच्या समोर येऊन बसली. डोळे भरले होते, पण ओठ तिनं थरथरू दिले नाहीत. त्याला कळावं म्हणून नेहमीसारखा एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली,

“ते म्हणून राह्यले, ‘काकू, काकांना ऐकू येत न्हाई म्हणून तुम्ही सांगितल्तं, तेच खरं निघालं. इंजिनात आवाज नव्हताच.’”