नमुन्याचा कॅमेरा

ऑर्विलच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गिऱ्हाइकं यायची, नमुन्याचा कॅमेरा ऑर्विलवरच रोखून दोन-चार फोटो काढून बघायची आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवायची. तो मनातल्या मनात शिव्या घालायचा.

अमेरिकेतल्या डुलुथ शहरातलं ते दुकान कायमचं बंद व्हायच्या दिवशी एक मुलगी नमुन्याचा कॅमेरा उचलून म्हणाली, "काका, मला हाच द्या."

"थांब, आधी आतले फोटो पुसतो. सगळीकडे माझंच थोबाड आहे."

तो एकेक फोटो मागे जात राहिला. आंबट चेहऱ्याचा ऑर्विल, पुन्हा तोच ऑर्विल. मग एका फोटोत त्याच्या डोक्यामागे दोन बोटांची शिंगं दिसली. ती धरून लोर्ना हसत होती, मागच्या हिवाळ्यात गेलेली त्याची बायको. त्याआधीच्या फोटोतही शिंगं. त्याच्याही आधीच्यात.

ऑर्विलने कॅमेऱ्यावरची किमतीची चिठ्ठी सोलून काढली.

"ऑनलाइन मागव गं," तो म्हणाला. "स्वस्त पडेल."