बशीएवढा डाग

"हे बघा!" मुलीने आरशावरची चादर खसकन ओढली. "यात तोंड बघायला बायका माझ्या पार्लरमध्ये येणार आहेत का?"

दुकानाच्या काउंटरला टेकवलेल्या त्या पुरुषभर उंच आरशात ती पायांपासून गळ्यापर्यंत लख्ख दिसत होती. चेहऱ्याच्या जागी मात्र बशीएवढा काळा डाग होता. मागचा पारा खरवडून निघालेला. काच शाबूत, हात फिरवला तर गुळगुळीत. रविवारी पार्लरचं उद्घाटन होतं. घराच्या पुढच्या खोलीत खुर्च्यासुद्धा मांडून झाल्या होत्या.

दुकानदार गोड बोलणारा होता, आणि असल्या माणसाशी भांडणं फार जड जातं. "ताई, तुमचं नुकसान मला दिसतंय हो. पण माल बघून घेतला की आमची जबाबदारी संपली. घरी तुम्ही कशाने पुसलात, मला काय माहीत?"

"मी हातसुद्धा लावला नाही! काल संध्याकाळी घरी आले, धूळ बसू नये म्हणून टाकलेली चादर काढली, तर हे असं."

"ताब्यात कुणी घेतला?"

"बाबांनी."

सगळ्यांनी दाराशी उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं. शाळेच्या मुलांची ने-आण करणारे हे गृहस्थ. मुलं त्यांना व्हॅनकाका म्हणत, आणि मुलांचं ऐकून अख्खी गल्लीही. हातात व्हॅनची किल्ली होती. लेक इकडे भांडत होती आणि ते बघत होते बाजूच्या कपाटांकडे. हल्ली त्यांना तशी खोडच लागली होती. "आमचं तोंडही बघवत नाही यांना," असं मुलगी घरी चिडवायची.

गेले काही महिने व्हॅनकाका जिथे बघत तिथे मधोमध त्यांना एक काळा डाग दिसे. कडेचं सगळं दिसे, मधलं तेवढं नाही. हे त्यांनी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की किल्ली गेली, आणि किल्ली गेली की मग कसले व्हॅनकाका? घरात बसून राहिलेला एक म्हातारा.

दुकानदाराने टेम्पोवाल्याला हाक मारली. तो गोदामातून हात पुसत आला.

"काल आरसा उघडून दाखवला होतास?"

"दाखवला ना मालक. सगळा कागद काढून. काका समोर उभे राहिले, वरपासून खालपर्यंत हात फिरवला, खिशातून कंगवा काढून भांगसुद्धा पाडला. म्हणाले, झकास आहे."

मुलगी हसली, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "ऐकलंत? माझे बाबा रस्त्यातला खिळा लांबून हेरतात. लोक डोळे मिटून मुलं सोपवतात त्यांच्याकडे. एवढा मोठा डाग त्यांना दिसला नसता?"

"मीही तेच म्हणतोय, ताई," दुकानदार शांतपणे म्हणाला. "असता तर दिसला असता. म्हणजे तेव्हा नव्हता."

आपल्याच बोलण्यात आपण अडकलो हे तिला कळलं, आणि तो राग तिने टेम्पोवाल्यावर काढला. "मग हा खोटं बोलतोय! गुंडाळलेलाच ठेवून पळाला असणार. हो ना, बाबा?"

दुकानदाराने जरा विचार केला. "काका तसं म्हणत असतील तर विषयच मिटला. आत्ता दुसरा देतो. नुकसान याच्याकडून भरून घेईन, आणि उद्यापासून याने दुसरं काम शोधावं."

टेम्पोवाल्याचा चेहरा उतरला. "काका, सांगा ना. भांग पाडलात, तेव्हा मी म्हटलंसुद्धा, नवरदेव दिसताय म्हणून."

"बाबा, बोला ना काहीतरी!"

व्हॅनकाकांनी मान किंचित वळवली. डोळ्यातला डाग सरकून भिंतीवर गेला. आरशातला जागचा हलला नाही. काल एवढी साधी गोष्ट करून बघायला काय झालं होतं, देव जाणे.

नुसतं 'हो' म्हटलं की झालं असतं. आरसा बदलून मिळाला असता, लेकीचा रविवार साजरा झाला असता, किल्लीही खिशात राहिली असती. टेम्पोवाला त्यांचा कोण लागत होता? कुणीच नाही. तो फक्त खरं बोलत होता, आणि घाबरला होता.

"दाखवला त्याने," ते म्हणाले.

"आणि डाग? तेव्हा होता?" दुकानदाराने विचारलं.

"होता. मला दिसला."

"दिसला आणि तरी घेतलात?" मुलीचा आवाज चढला.

"मला वाटलं, माझाच आहे."

कुणालाच काही उमगेना. त्यांनी दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांसमोर नेली. "हा असा, मधोमध. दिवसभर असतो. जिथे बघतो तिथे. आरशातही तोच आहे असं वाटलं गं."

दुकानदार खाली पडलेली चादर उचलून उगाच घडी करू लागला. मग टेम्पोवाल्याला हळूच म्हणाला, "दुसरा आरसा काढ रे."

मुलीने ते ऐकलंच नाही. दारातून तिला बाहेर उभी असलेली व्हॅन दिसत होती.

"आज सकाळी मुलांना सोडलंत शाळेत?"

"सोडलं."

"आणि मग मला घेऊन इथे आलात."

"हो."

तिने हात पुढे केला. व्हॅनकाकांनी किल्ली पुढे धरली, ती तिच्या हाताच्या बरीच अलीकडे. तिलाच हात तिथवर न्यावा लागला. किल्ली सोडल्यावर त्यांनी मान पार कपाटांकडे वळवली, लेकीचा चेहरा नीट दिसावा म्हणून.