यादीतला पंप

यंत्र सुरू होताना जोडलेल्या भागांची नावं पडद्यावर उमटतात. यंत्राच्या आतल्या प्रोग्राममध्ये, म्हणजे फर्मवेअरमध्ये, पंपाला 'पंखा' मीच लिहिलं होतं. साहेबांनी जाब विचारला तेव्हा माझं सकाळचं मौनव्रत होतं. व्रताच्या आड मी लपले, ठपका शेजारच्या टेबलावरच्या दादांवर आला आणि त्यांची नोकरी गेली.

आज मी गुपचूप 'पंप' लिहून यंत्र सुरू केलं. पडद्यावर 'पंखा' आलं. सात वेळा दुरुस्त केलं, सातही वेळा 'पंखा'च.

शरमेनं मला मान वर करवेना. शेवटी चिठ्ठी लिहिली, 'चूक दादांची नव्हती, माझी होती.' दोनदा वाचून साहेबांना दिली.

"चूक दादांचीच होती," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "अहो ताई, नोकरी गेलेल्या माणसावर अजून किती ढकलाल?"

मी चिठ्ठी परत घेतली. तिच्यावर तेच लिहिलं होतं आणि अक्षर माझंच होतं.