बोटीवरचं नाव

नारळी पौर्णिमेआधी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर बोट रंगवायला काढली, तेव्हा बाप विनेशला म्हणाला, “यंदा बोटीवरचं तुझं नाव पुस, रितेशचं टाक. पोरानं कोळीवाड्याची मान उंच केलीय.” रितेश म्हणजे याच बोटीवरच्या दारुड्या खलाशाचा मुलगा. लहानपणी दोघं बर्फाच्या पेटीवर ठेका धरून रॅप करायचे. आता रितेशचा रॅप मुंबईभर वाजत होता आणि विनेशचा त्या पेटीपलीकडे कुणी ऐकलाच नव्हता. जळफळत विनेश पत्र्याने स्वतःचं नाव खरवडू लागला. तेवढ्यात सणाला आलेल्या रितेशने धावत येऊन त्याचा हात धरला. “थांब, भावा! माझा बाप या बोटीवर राबराब राबला आणि नाव मात्र तुझं. ते बघून मी जळायचो, म्हणून तर गाणी सुचली. राहू दे ते.” “मग आता जळायची पाळी माझी,” म्हणत विनेशने हात सोडवला आणि उरलेली अक्षरं दुप्पट जोराने खरवडून काढली.