पार्टिशनपलीकडची सोय

नव्या नेटवर्कचा प्रयोग वर्षभर रखडला होता आणि आजचं प्रात्यक्षिक फसलं, तर विभागाला टाळंच लागणार होतं. म्हणून विभागप्रमुख बाईंनी पार्टिशनपलीकडच्या नगाऱ्याला सकाळीच दम भरला. नगारा म्हणजे त्यांचा दणदणीत आवाजाचा सहकारी. रोजच्या चाचणीत बाई इकडून संदेश सोडत, "आलं का रे?" असं ओरडून विचारत आणि तो तिकडून ओरडून सांगे.

"आज पाहुणे आहेत, तोंडाला कुलूप लाव. संदेश पोचला की इथे हिरवा दिवा लागेल, त्यासाठी वेगळं यंत्र जोडलंय."

तपासणी समितीच्या अध्यक्षांनी बटण दाबलं. दिवा ढिम्म. पुन्हा दाबलं. सवयीने बाईंच्या तोंडून निघून गेलं, "आलं का रे?"

"कसलं काय, सकाळपासून काहीच आलेलं नाही," पलीकडून खणखणीत उत्तर आलं.

झालं, आता गाशा गुंडाळा, असं मनाशी म्हणत बाईंनी डोळे मिटले. अध्यक्ष मात्र पार्टिशनला कान लावून उभे होते.

"तार नाही, वीज नाही, उत्तर ताबडतोब आणि वर खरं," ते भारावून म्हणाले. "बाई, ती यंत्रांची खोकी राहू द्या. आम्ही हेच मंजूर करतो. किती लांबपर्यंत चालतं हे?"



बाई तोंड उघडायच्या आत पलीकडून उत्तर आलं, "जेवण झालेलं असलं, तर फाटकापर्यंत."