न ओरडलेला गोऱ्हा

साठच्या दशकात पालघरहून गुरांचे डॉक्टर शेवडे सायकल दामटत मासवणकडच्या पाड्यांवर येत, ते एकच हट्ट धरून: गोऱ्हा खच्ची करायचा, पण त्याला दुखू द्यायचं नाही. दगडाने बडवायच्या जुन्या रीतीचा त्यांना मनस्वी राग. आधी ते बधिर करणारी सुई टोचत, मग चिमटा लावत. गोऱ्हा नुसते कान हलवत उभा राही. दोन वर्षांत आपल्या हाताखाली एकही जनावर ओरडलं नाही, असं त्यांनी वरच्या कचेरीला मोठ्या अभिमानानं कळवलंही होतं.

एका पाड्यावरच्या सुकाचा गोऱ्हा त्यांनी सोमवारी खच्ची केला. गुरुवारी त्याच वाटेनं जाताना सहज डोकावले, तर गोऱ्हा अंगणात आडवा. मागचा भाग टरारून सुजलेला, डोळ्यांतून पाणी, आणि शेजारी दोन दगड.

"कोणी केलं हे?" डॉक्टर कडाडले.

"मीच बडवला," सुका म्हणाला. "तुमी चिमटा लावला तेवा तो हूं की चूं नाय करी. ओरडल्याबिगर कुठं खच्ची होतो? मला वाटलं, काम कच्चं रायलं."

"अरे, मग मला विचारायचंस तरी!"

सुकाची बायको बायडी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली.

"तुमी एवढ्या मायेनं करता, तुमाला वाईट वाटू नये म्हणून कोण बोलत नाय, डाक्टर. पण तुमी गेल्यावर सगलेच बडवतात."